पेन्सिलीची ओळ

१७ ऑगस्ट

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा तसाच आहे, तोंड मात्र उत्तम चालतंय. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या बदलल्यात, हे आधीच लिहून टाकते. सहा वर्षं आपण फोनवर गोळ्यांपलीकडे बोललो नाही. पत्रात तरी तो विषय लवकर संपू दे.

वहिनी सांगत होती, तुझ्या दुकानात दुरुस्तीला आलेल्या मिक्सर-पंख्यांची रांग असते आणि गिऱ्हाइकं विचारतात, "विमानवाले, पंखा उडणार नाही ना?" फोनवर मी हसले. नंतर हसू आलं नाही.

गेल्या महिन्यात हँगरमध्ये एक विमान आलं. प्रवाशांना आता आभाळातही इंटरनेट हवं, म्हणून छतावर अँटेना बसवून त्याची वायरिंग करायची होती. काम माझ्याकडे. कॉकपिटमागचं पॅनेल उघडलं आणि आत तुझा हात दिसला. वायरी बांधलेल्या दोरीच्या गाठी, सारख्या अंतरावर आणि सगळ्या उलट्या. आपल्याकडे डावखुरा तूच होतास. आपण कॉकपिटमधली काट्यांची जुनी मीटरं काढून स्क्रीन बसवले होते, त्यातलं हे दुसरं विमान. ड्रॉइंग माझं, हात तुझे. पहिल्यात धूर निघाला आणि तुझी नोकरी गेली.

टॉर्च घेऊन मी आत डोकं घातलं. पहिल्यात जिथे वायर जळाली होती, बरोबर त्याच जागी इथेही तिचं आवरण कडेला घासून पातळ झालं होतं. चौकशीत ठरलं होतं की तू बांधणी सैल ठेवलीस. सैल काहीच नव्हतं. वायर धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पची जागाच चुकीची होती, आणि ती ड्रॉइंगमध्ये मी दाखवली होती.

इतकं मी त्याच दिवशी वर कळवलं. तेच ड्रॉइंग वापरलेलं तिसरं विमान उडत होतं, तेही थांबवलं. तिथेच थांबले असते तर ड्रॉइंगमध्ये चूक झाली एवढंच झालं असतं. चूक कुणाचीही होते.

पण मी रेकॉर्डरूममधून या विमानाचं जुनं जॉबकार्ड काढलं. समासात तुझं बारीक अक्षर, पेन्सिलीने: "इथे वायर घासेल. चिमीला विचारले. ड्रॉइंगप्रमाणेच कर म्हणाली."

मी आणखीही म्हणाले होते, दादा. चार माणसांसमोर. "तू वायरी ओढ, डोकं मी चालवते." तुझ्या ओव्हरटाइमवर शिकलेली मी. चौकशीत तुला विचारलं, काम करताना काही खटकलं म्हणून कुणाला दाखवलं होतंस का, तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस. मी ड्रॉइंगकडे पाहत राहिले. तू म्हणालास, "आठवत नाही. माझंच चुकलं असेल." मला सुटल्यासारखं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं ते वाटलं.

पेन्सिलीचं लिहिलेलं आपल्या कामात धरत नाहीत, तुला माहीत आहे. खोडरबर टेबलावरच होता. मी तो तुझ्या ओळीवर टेकवलासुद्धा. तू हुद्द्यासकट माझं नाव लिहिलं असतंस तर कदाचित खोडलंही असतं. घरचं नाव खोडवेना.

काल कार्डाची प्रत आणि माझा जबाब क्वालिटीच्या साहेबांकडे दिला. ते वाचून म्हणाले, "मॅडम, हे लिहायची गरज होती का?" मी म्हटलं, "सहा वर्षांपूर्वी होती." माझा सहीचा अधिकार सध्या काढून घेतलाय. परत मिळेल की नाही, माहीत नाही.

तुलाही जबाबाला बोलावतील. तिथे पुन्हा "आठवत नाही" म्हणू नकोस. मला वाचवायची तुझी जुनी खोड आहे, ती या वेळी आवर.

आईला अजून सांगितलेलं नाही. तुझी माफीही मागत नाही. मागितली की तू लगेच देऊन टाकशील आणि आपण पुन्हा गोळ्यांवर येऊ. त्यापेक्षा फोन कर आणि मनसोक्त शिव्या घाल.

जबाबाखाली माझं पूर्ण नाव आहे, हुद्दाही आहे. कुणाला शंका राहू नये म्हणून त्याखाली शाईने आणखी एक ओळ लिहिली आहे: "कार्डावरची चिमी म्हणजे मीच. त्याने मला विचारले होते."

तीच,
तुझी चिमी