छातीची माती

घोटावडे,
ता. ३० मार्च १९५९

ती. भैरूदादास,

घोटावड्याहून जयाचा वाकून नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. तुझी खुशाली तू लिहिलीच नाहीस, तेव्हा तीही ठीक धरून चालते. शिमगा झाला. आमची म्हैस व्याली. मामंजी रेडी व्हावी म्हणून भैरोबाला नारळ बोलले होते, झाला रेडा. नारळ वाचला म्हणायचं.

शुद्ध लिहायला गेले तर तू म्हणशील जया मास्तरीण झाली, आणि बोलते तसं लिहिलं तर आपल्या सातवीच्या मास्तरांना उचकी लागेल. तेव्हा दोन्हीच्या मधलं लिहिते, गोड मानून घे.

तुझं पत्र आईने चिमाबाईच्या हाती पाठवलं. चिमाबाई म्हणजे ती धनगरीण, जिची मेंढरं दरसाल आधी आपल्या उरवड्याच्या खाचरात बसतात नि मग आमच्या. तिने ते चोळीतून काढून माझ्या पदरात टाकलं आणि मेंढरांना शिव्या देत निघून गेली. या घरात तुझ्या नावाचा कागद असाच यावा लागतो. तुला ते ठाऊक आहे, म्हणून तर तू आईच्या पत्त्यावर टाकलास.

दोन वर्षांनी भावाचं पत्र आलं. मी गोठ्यात जाऊन उघडलं, आणि आत काय, तर हुतूतू! तुमच्या गिरणीच्या संघात म्हणे वाद पडलाय. चढाई करून परत फिरलेला गडी मधल्या रेघेजवळ आला, मागून दुसरे धरायला धावतायत, तर त्याने सूर मारून रेघ गाठावी की सरळ धावत पार व्हावं? लवकर कशाने पोचतो? आणि सगळ्यात खाली, जसं काही सहज आठवलं म्हणून, एक ओळ : पाडव्यानंतर येऊन आईला मुंबईला नेतो आणि उरवड्याच्या घराला कुलूप लावतो.

दादा, तू शहाणा आहेस की वेडा? कुलपाची गोष्ट एका ओळीत आणि हुतूतूची दोन पानं?

असो. आधी हुतूतूचंच सांगते.

आपलं खळं आठव. मळणी झाली की आई ते पुन्हा शेणाने सारवायची आणि वाळायच्या आत तू नि शेजारचा भिकू तिथे धुडगूस घालायचा. भिकू आणि तू पळायला अगदी बरोबरीचे. तोच वाद तेव्हा तुमचा. मला रेघेच्या टोकाला पालथं निजवलं होतंस, डोळा रेघेवर लावून, आणि हलले तर पाठीत धपाटा. एकदा भिकूने सूर मारला नि तू धावलास, मग तू सूर मारलास नि भिकू धावला. तुमची अंगं सोलून निघेपर्यंत तेच. आणि दर वेळी धावणाराच आधी. सूर मारणाऱ्याचा हात हवेत पुढे दिसतो खरा, पण उडी घ्यायच्या आधी त्याचं एक पाऊल आखडतं, आणि भुईला छाती लागली की अंग जागच्या जागी मरतं. वर दम तुटतो तो वेगळाच. तोंडातलं ‘हुतूतू’ छातीबरोबर आपटून फुटतं, मग रेघ चार बोटांवर असली तरी गडी बाद.

मग तू मला उठवलंस आणि सांगितलंस, भिकूची कंबर धर. मी धरली. तेव्हा मात्र धावताना त्याला माझ्यासकट फरफटावं लागलं, आणि सूर मारल्यावर हात रेघेला लागला. तू खळ्याच्या मधोमध उभा राहून निवाडा दिलास, अगदी पाटलासारखा. मोकळा असेल तर धाव, धरला असेल तर सूर.

तुझाच निवाडा. मग तो तू मला विचारतोस कशाला?

मी सांगू कशाला? तुला हुतूतूचं विचारायचंच नाही. तुला दाजींचं विचारायचं आहे. दोन वर्षं तुझ्या घशात ते अडकलंय, आणि आता गिरणीच्या संघाच्या नावाने बाहेर काढतोस. मीही काही कमी नाही. म्हशीपासून सुरुवात केली.

तुझा हिशेब मला कळतो. पहिल्या दिवाळसणाला हे उरवड्याला आले, तेव्हा खळ्यात नेऊन तूच ह्यांना ती युक्ती शिकवलीस. त्यानंतर कुणी धरल्याशिवाय ह्यांनी कधी सूर मारला नाही. म्हणून तू स्वतःला सांगतोस, दाजींनी त्या दिवशी सूर मारला, त्या अर्थी मी त्यांना धरलं होतं. सगळं घोटावडेही तेच म्हणतं. ‘धरल्याबिगर वाल्मीक पडायचा न्हाई.’ तुझीच युक्ती तुझ्यावर उलटली.

पण तुला आमच्या गावाचं एक कळलेलं नाही. उरवड्यात गडी परत आला की झालं. इथे आधी छाती बघतात. जत्रेत पंच नारळ देतात तो छातीला माती असलेल्या गड्याला. कोऱ्या छातीने आलेला म्हणजे नुसता पळून आलेला. आमचे मामंजी तर या गावचे सुराचे बादशहा. त्यांच्या तरुणपणचे फेटे अजून आढ्याला बांधून ठेवलेत, उंदीरही त्यांना लागत नाहीत. आणि त्यांचा लेक उरवड्याच्या मेव्हण्याकडून शिकून धावत परत येणार! दरसाल जत्रा झाली की घरात पंधरा दिवस जेवताना कुणी बोलायचं नाही.

आता त्या दिवशीचं, दोन वर्षांमागच्या जत्रेतल्या उरवडे-घोटावडे डावाचं. दादा, मी बांधावर बायकांत बसले होते, बरोबर मधल्या रेघेच्या टोकाला. लहानपणी निजवलं होतंस तिथेच म्हण ना. हे तुला शिवून परत फिरले. तू ह्यांच्या मागे सुटलास. ह्यांचा दम चांगला लांब होता, मला ऐकू येत होता. तुझा हात पुढे होता आणि ह्यांची कंबर त्याच्यापुढे, आणि त्या दोहोंच्या मधून मला मैदानाच्या पलीकडची चुन्याच्या फक्कीची रेघ दिसली. पांढरी, सरळ. हात लागला असता तर ती मला दिसली नसती.

हे मोकळे होते. दोन ढांगांत पार झाले असते.

तेवढ्यात पुढच्या माणसांतून मामंजी उठून ओरडले, ‘बायकांवानी पळतुयास काय रं? पड की!’

ह्यांनी मान तिकडे वळवली आणि तशाच वळलेल्या मानेने सूर मारला. तू वेगात होतास, तू ह्यांच्या अंगावर पडलास. हुतूतूच्या त्या दोन पानांत मध्येच तू लिहून गेलास, ‘माझ्या हाताला त्यांच्या कमरेचं कातडं अजून आठवतं.’ आठवणारच. पण ते नंतरचं. आधीचं मी पाहिलंय.

मग तेव्हाच का नाही बोललीस, म्हणशील. आधी ससूनच्या वाऱ्या होत्या, तेव्हा कुणाला शुद्ध होती? ह्यांना खाटेवर घालून परत आणलं, कमरेखाली काही हलत नाही, आणि तोवर गावाने ठरवून टाकलं होतं. मामंजींनी उंबऱ्यात उभं राहून सांगितलं, उरवड्याचं नाव या घरात निघायचं नाही. त्यानंतर मी माहेरी गेलेली नाही. नागपंचमीला नाही, दिवाळीला नाही, आई तापाने पडली तेव्हाही नाही. पिरंगुटाच्या पलीकडे तर आहे माहेर, पण विलायतेला असल्यासारखं.

मी ह्यांच्याजवळ एकदा विषय काढला होता, मागच्या पावसाळ्यात. हे आढ्याकडे बघत पडले होते. वर ते फेटे. म्हणाले, ‘आबाला यातलं कदी बोलू नगंस. त्यो जगायचा न्हाई.’

आणि ते खोटं नव्हतं रे. तू मामंजींना आता पाहिलेलं नाहीस. सासूबाई आधीच गेलेल्या. म्हातारा ह्यांना उचलून कुशीवर करतो, अंग पुसतो, घाण काढतो, मला हात लावू देत नाही. मी पुढे झाले की म्हणतो, तू सर पोरी, त्यो माझा हाय. भाकरी दुधात कुस्करून स्वतः भरवतो. आणि दिवसातून एकदा तरी तुला शिव्या घालतो. शिव्या घातल्याशिवाय त्याचा दिवस जात नाही. मी चुलीपुढे बसून ऐकते. आपलेच दात नि आपलेच ओठ. ज्या म्हाताऱ्याचा मला राग यायला हवा, त्याचे हात बघितले की मला रडू येतं. आणि ज्या भावाची बाजू घ्यायला हवी, त्याच्या शिव्या मी मुकाट ऐकते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

असे आम्ही तिघे एका पडवीत आहोत. एकाला ठाऊक आहे आणि तो बोलत नाही, दुसरीला ठाऊक आहे आणि ती बोलत नाही, आणि तिसऱ्याला सगळ्यात जास्त ठाऊक असणार, म्हणूनच तर एवढं ओरडतो. चौथा तू, मुंबईत.

इतके दिवस मी हे रेटलं कशाच्या जोरावर सांगू? उरवड्याच्या घराचं दार उघडं आहे एवढ्यावर. जायला मिळत नाही, पण आहे. आई चूल पेटवते, अंगण झाडते. कधीतरी कुणी तरी म्हणेल जा, आणि मी जाईन. आणि तू लिहितोस कुलूप! अरे, मग माझ्या माहेराचं काय राहिलं? मी कुणाच्या दाराकडे बघू? घोटावड्याचं दार आतून बंद आणि उरवड्याचं बाहेरून. मला राग आला तुझा. अजून आहे.

काल दुपारी मामंजी रानात गेल्यावर मी ह्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. हुतूतूचं ऐकून हसले. किती दिवसांनी हसले म्हणून सांगू. मग ती खालची ओळ वाचली.  संध्याकाळी मी धार काढून आले. दूध तापवत होते, तेव्हा ह्यांनी हाक मारली.

‘लिव्ह त्याला. माझ्या अंगाला कुणाचा हात न्हवता.’

मी म्हटलं, आणि मामंजी?

‘त्येला वाचून दाव. माझ्यासमूर. मला बी आता उताणं पडून लई झालं.’

म्हणून हे पत्र. आज लिहायला बसले ते उघड्यावर, पडवीत, ह्यांच्या खाटेपाशी. मामंजी आल्यावर म्हणाले, कुणाला लिहितेस? मी म्हटलं, पुरं झालं की वाचून दाखवते. त्यांनी मान हलवली. गोठ्यातून दोनदा येऊन पाणी पिऊन गेले, तहान नसताना.

चिमाबाईच्या हाती गुपचूप देता आलं असतं. पण मग तू मोकळा होशील आणि आम्ही तिघे आहोत तिथेच राहू. या घरची रीत तुला सांगते. मामंजींना अक्षर येत नाही. घरातून बाहेर जाणारा कागद मी त्यांना आधी वाचून दाखवायचा, मग ते स्वतः पाकिटाला डिंक लावणार आणि पौडाच्या बाजाराला जाताना पेटीत टाकणार. उद्या बाजार आहे. उद्या सकाळी त्यांची भाकरी झाली की मी हे पहिल्या ओळीपासून वाचणार. ह्यांनी बजावलंय, एक अक्षर गाळायचं नाही. रेड्याचंसुद्धा नाही.

मामंजी, इथवर ऐकलंत, तर सून दोन शब्द बोलते, पदर पुढे घेऊन बोलते. तुमच्या लेकाने तुम्हाला कधी दोष दिला नाही. मीही देत नाही. दोन वर्षं तुम्ही जे केलंत ते कुठल्या बापाने केलं नसतं. पण तुमच्या वाटणीचं ओझं माझा भाऊ मुंबईत वाहतोय. ते त्याच्या पाठीवरून उतरवा. तुम्हाला पेलणार नाही असं वाटत असेल, तर आम्ही दोघं आहोत की घरात. हवं तर पत्र फाडा. तुमच्या हातात आहे. मी दुसरं लिहिणार नाही.

दादा, आता तुझ्याशी. हे पत्र तुझ्यापाशी आलं असेल, तर ओळख की ते मामंजींनी सगळं ऐकलं, डिंक लावला आणि स्वतःच्या हाताने पेटीत टाकलं. याहून जास्त त्या म्हाताऱ्याकडून मागू नकोस.

कुलूप विकत घेतलं असशील तर देऊन टाक कुणाला. तुला कुणी धरलेलं नाही, कधीच नव्हतं. तेव्हा सरळ धावत ये. आईकडे जा, आणि मग रेघेवर न थांबता इकडे, घोटावड्याला, दारात ये.

मला मात्र धरलेलं आहे. म्हणून मी सूर मारला. हात रेघेला लागला की नाही, ते इथून मला दिसत नाही. तूच येऊन सांग.

तुझी,
छातीला माती लागलेली,
जया