सामान आणणाऱ्या माऊलींना किती द्यायचे

बाबा,

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी माऊली किराणा घेऊन आले होते. तिनं त्यांना वीस रुपये आणि तांब्याभर पाणी दिलं. "नळाला आठ दिवसांनी पाणी येतंय आणि बाईसाहेबांनी पाणपोई उघडलीय," असं तुम्ही म्हणालात आणि ती हसत सुटली.

आता तुम्ही त्यांना शंभर देता. काल जिन्यात त्यांनीच मला सांगितलं, "ताई, सर लई चांगले. पण आज काडेपेटी, उद्या मीठ, असं रोज एकेक मागवतात अन् बसवून घेतात. मला उठवत नाय, अन् पुढच्या ऑर्डरी राहतात."

वीस पुरेत. लिफ्ट बंद असेल तर चाळीस द्या. सामान आठवड्याचं एकदम मागवा आणि त्यांना थांबवू नका.

पोळ्या डब्यात आहेत. मी पहाटेच्या बसनं पुण्याला निघतेय.

बोलावंसं वाटलं की मला फोन करा, काम नसलं तरी. मी कधी म्हटलं नाही. आत्ता तुमच्या खोलीच्या दाराशी उभं राहून म्हटलं, तुम्ही झोपेत होतात: बाबा, मलाही तिकडं बोलायला कुणी नाही.

सावनी