तुझ्या कॅबिनेटमध्ये न बसलेलं कार्ड

प्रिय दादा,

आज दुपारी आत्या तुझ्या फोटोसमोर उभी राहून माझी तक्रार करून गेली. मोठ्याने, म्हणजे स्वयंपाकघरात आईलाही नीट ऐकू जावी अशी. एकच बाजू ऐकून तू मत बनवू नयेस, म्हणून लिहायला बसले.

तुझ्या दहाव्याला खाडीकिनारी काय झालं ते आधी सांगते. कावळा पिंडाला शिवतच नव्हता. आत्या ओरडली, "आरं बोला ना कुनीतरी, त्याच्या मनात काय राहिलंय ते!" कुणी म्हणालं, आईला सांभाळू. कुणी म्हणालं, गौरीचं लग्न करून देऊ. (माझं लग्न! तिथेसुद्धा!) मग आत्याचा रोशन पुढे झाला, हात जोडून म्हणाला, "भाऊ, तुजा गेमिंग पीसी मी पुरा करतो. तुला पायजे तेच मोठं कार्ड टाकून." आणि कावळा आला.

आला, कारण रोशनचं भाषण ऐकायला सगळे पिंडापासून हटून त्याच्याभोवती गोळा झाले होते. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पण कराव्यापासून उलव्यापर्यंतच्या आपल्या तमाम नातेवाइकांच्या मते तुला रोशनने सोडवलं. तेव्हापासून तो चालतोसुद्धा वेगळा.

आज तो शब्द पाळायला आला. सोबत आत्या, एक पिशवी आणि कटर मशीन. दादा, कॉम्प्युटर जोडायला कटर मशीन!

तुझ्या पीसीचं निम्मं सामान तसंच आहे. पगारातून एकेक करून घेतलेलं. आठवतं, प्रोसेसर ठरवल्यावर त्याला चालणारा मदरबोर्ड शोधायला आपण किती रविवार घालवले? नवी रॅम महाग म्हणून जुन्या पद्धतीची रॅम घेणारा बोर्ड घेतला. हे सगळं आत बसवायला, फ्रिजशेजारी मावेल आणि खिशाला परवडेल असं छोटं कॅबिनेट घेतलं. मी प्रत्येक पान तीनदा वाचायचे आणि तू लोकांना सांगायचास, "ही माझी हेल्पर." हेल्पर! जाऊ दे.

रोशनने आधी रॅम काढली. नव्या पद्धतीची, वर रंगीत दिवे. रॅमची खाच एकीकडे, बोर्डावरचा उंचवटा दुसरीकडे. याने अंगठ्याने दाबायला सुरुवात केली.

"अरे थांब, ही त्यात जात नाही."

"जाते गो. नवीनवाली हाय, फास्ट. तू टेन्शन नको घेऊ."

मी त्याच्या हातातून काढून घेतली. मग पॉवर सप्लाय आला, म्हणजे सगळ्या मशीनला वीज पुरवणारा डबा. कंपनीचं नाव नाही, आकडा मात्र हा मोठा छापलेला. हातात घेतला तर रिकाम्या टिफिनइतका हलका. एवढं मोठं कार्ड त्यावर चालवायला घेतलं आणि तो जळाला, तर तुझा बोर्ड आणि प्रोसेसर सोबत घेऊन जाईल. मी विचारलं, "याच्या आत काय आहे?" रोशन म्हणाला, "पॉवर." असली उत्तरं देणाऱ्या माणसाला गावात लोक एक्स्पर्ट म्हणतात!

शेवटी कार्ड, म्हणजे गेमची चित्रं पळवणारं ग्राफिक्स कार्ड. तीन पंख्यांचं, तू सगळ्यांना मोबाइलवर दाखवायचास तेच. तुझ्या कॅबिनेटपेक्षा तीन बोटं लांब. आतला हार्ड डिस्कचा पिंजरा आडवा येत होता, म्हणून कटर.

खरं सांगू? रोशनच्या अकलेबद्दल माझी कधीच काही अपेक्षा नव्हती. पण हे वेड तुझं. तू असताना मी टेप लावून दाखवलं होतं, हे कार्ड यात जाणार नाही. तू हसून म्हणालास, "बसेल गं." ग्रिल बसवणाऱ्या बाबांचा मुलगा तू! आपल्याला शाळेच्या आधी टेप वाचता यायची. एक ग्रिल तरी बाबांनी 'बसेल' म्हणून बनवली होती का?

मी कॅबिनेटवर आडवा हात ठेवला. आत्या भडकली. "कावल्यासमोर दिलेला शबूद मोडतेस? त्याला अडकवून ठेवायचाय का तुला?"

आई पदराला हात पुसत बाहेर आली. "गौरी, कापू दे," ती म्हणाली. "त्याच शब्दावर तो सुटला ना?"

मी नुसती बाबांची टेप तिच्या हातात दिली. आईने कार्ड मोजलं. कॅबिनेटमधली जागा मोजली. मग दोन्ही परत एकदा.

"रोशन, कापायचं नाय. घेऊन जा हे सगलं."

"मामी, पन शब्द दिला ना मी!"

"देताना मापलं व्हतंस?"

तेवढ्यावर तो गेला. जाताना आत्याने तुझ्याकडे फिर्याद नोंदवली, ती तू ऐकलीच असशील.

पण दादा, आत्या गेल्यापासून आईचं चित्त थाऱ्यावर नाही. भाजी निवडता निवडता उठते, तुझ्या फोटोकडे बघते, परत येऊन बसते. बोलून गेली खरी, आता तिला वाटतंय तू कुठेतरी अडकलास. मला कावळ्याचं काही वाटत नाही. मला आईचं वाटतं.

म्हणून शब्द देते, मोजून देते. तुझा पीसी मीच पुरा करीन. दोन पंख्यांच्या छोट्या कार्डाचं माप घेऊन ठेवलंय, ते बसतं. त्याला पुरेल असा, वजन असलेला पॉवर सप्लाय घेईन. थोडा वेळ लागेल. तुला हवं होतं ते कार्ड मात्र मी घेणार नाही, आणि हा निर्णय माझा एकटीचा आहे. रागवायचंच असेल तर माझ्यावर रागव. आईच्या स्वप्नात जाऊ नकोस.

तुझी,
गौरी