मांडवाची हिरवी वायर

रोहा
९ ऑक्टोबर २०२४

ती. मावशीस,
मनालीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला माझं निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू मनाने रचतेस, म्हणून कागदच बरा.

काल दुपारी पुन्हा आभाळ गडगडलं. वीज गेली, आणि परत आली ती केवढ्या जोरात! ट्यूब पांढरीफेक झाली आणि माझा कॉम्प्युटर गप्प. गणपतीआधीही असाच गेला होता. या वेळी तर जास्तीची वीज अडवणारा महागातला डबा, स्पाइक गार्ड, लावला होता. पुण्याच्या आमच्या बाई म्हणाल्या, आता काम पुन्हा बंद पडलं तर घरून काम विसरा, ऑफिसात येऊन बसा. निलेशची शिफ्ट इथे धाटावच्या कारखान्यात आणि मी पुण्याला, हा कसला संसार गं? लग्नाला अजून वर्षही झालं नाही.

लोकांचे रेकॉर्ड केलेले आवाज ऐकून लिहायचं, एवढंच माझं काम. कालपासून कानात कुणीच नाही. ज्यांना कधी पाहिलं नाही त्यांची आठवण येते, हसू नकोस.

बाकी बरं. मागच्या भिंतीवर मीटरपासून एक हिरवी वायर खाली मातीत गेली होती, ना दिवा ना बटण. श्रावणात मी ती कापून मांडवाला बांधली. तिच्यावर शिराळी काय चढलीय! संध्याकाळी पिवळी फुलं उमलतात आणि मी बघत बसते. निलेश म्हणतो, बायकोची तंद्री लागली की आमटी करपते.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
मनाली

पेण
१४ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. मनालीस,
अ. उ. आ.

शुक्रवारी दुपारी डोळा लागला तर तुमचं घर अंतोऱ्याच्या खाडीत तरंगताना दिसलं. तू खिडकीत शिराळी सोलत होतीस, आणि घराला नांगरच नव्हता. जाग आली तर दारात पोस्टमन, हातात तुझं पत्र.

अगो येडे, ती वायर उगीच नव्हती. ती अर्थिंगची. जास्तीची वीज घरात शिरली की तिला मातीत उतरायची तीच वाट. वाट तू कापलीस, आता तुझ्या त्या महागाच्या डब्याने वीज ढकलायची कुठे? तुझे काका वायरमन होते तेव्हा चैत्रात अर्थिंगच्या खड्ड्यात कळशीभर पाणी ओतायचं काम माझ्याकडे असे. माती कोरडी पडली की वीज घेत नाही म्हणायचे.

तू कशाला हात लावू नकोस. इथे वायरिंग करतो त्या गोरखला पाठवते, त्याला पोटभर जेवू घाल. गडगडायला लागलं की प्लग काढायचे, इंटरनेटची वायरसुद्धा. वेलाला सुतळी बांध, तो काही रुसायचा नाही.

नवरा-बायकोने एका छपराखाली राहावं हेच खरं. माझी काळजी करू नकोस. इथे अगदी निवांत आहे. इतकं, की घड्याळ बंद पडलं तरी मला कळत नाही.

निलेशला आशीर्वाद. मला विसरलीस तर कान धरायला रोह्याला येईन.
तुझी,
मावशी

रोहा
२६ ऑक्टोबर २०२४

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

गोरख आला, खड्डा खणला, कोळसा-मीठ घातलं, वायर जोडली. कॉम्प्युटरही दुरुस्त होऊन आला. मंगळवारी वीज गेली आणि तशीच उसळून आली. ट्यूब पांढरी झाली, पण कॉम्प्युटर पुन्हा लावला तर रेकॉर्डिंगमधल्या आजीबाई आपली शेताची गोष्ट पुढे सांगू लागल्या. कॉम्प्युटरला काही झालं नाही. पुणं टळलं गं!

पण जेवताना गोरख बोलून गेला. म्हणाला की, मावशींकडं पण गणपतीतच नवं अर्थिंग केलंय, पुढच्या खोलीत टेबल लावलंय, भाचीचा कॉम्प्युटर तिकडं टिकत नाय, ती इथंच येल म्हणत व्हत्या.

मी तो गेल्यावर मांडवाखाली बसून खूप रडले. हिरव्या वायरीबद्दल तू गप्प बसली असतीस, तर मी पुण्याऐवजी आपसूक तुझ्याच दारात आले असते. आणि तू गोरखला इकडे धाडलंस. आई गेल्यावर मला वाढवलंस, तेव्हाही स्वतःसाठी काही मागितलं नाहीस.

काल बाईंनी विचारलं, काम नक्की कुठून करणार? मी दोन पत्ते दिले. निलेशच्या रात्रपाळीचे आठवडे पेण, बाकीचे रोहा. पेणचा पत्ता वर लिहिला. निलेशने तो पाहिला आणि माळ्यावरून माझी बॅग काढून पुसून ठेवली. सोमवारी येते.

लोभ भेटीत मोजून घेईन.
तुझीच,
मनाली