ताईचं वजन

सोमवार, ४ मार्च

आज एक चूक केली. चूक की योग्य काम हे अजून ठरत नाही, म्हणून आधी काय झालं तेवढंच लिहिते.

ताईच्या न्हाणीघरात वजनाचा काटा आहे. रोज सकाळी ती त्यावर उभी राहते, भावजी वाकून आकडा वाचतात आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहितात. डॉक्टरीणबाईंनी त्यांना सुरुवातीलाच सांगितलं होतं – पोटातली गाठ हट्टी आहे, पण वजन टिकलं तर औषधांची पुढची फेरी देता येईल. पाच आठवडे वजन टिकून आहे. सत्तेचाळीस, सत्तेचाळीस, पावणेसत्तेचाळीस, पुन्हा सत्तेचाळीस. भावजी ते कॅलेंडर शेजाऱ्यांनासुद्धा दाखवतात.

मी महिनाभर इथेच राहतेय, पण सकाळी न्हाणीघरात माझी घाई असते. आज सुट्टी होती. दात घासता घासता खाली पाहिलं. काट्यावर कोणी उभं नव्हतं आणि सुई अडीचवर होती.

वीस वर्षं मी दुकानांतले वजनकाटे तपासतेय. रिकामा काटा शून्यावर नसेल तर बाकी काही बघायचं नाही, आधी शून्य करायचं. ब्रश तोंडात तसाच ठेवला, वाकून खालचं चाक फिरवलं, शून्य केलं, तोंड धुतलं. कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही केलं असं वाटलंच नव्हतं.

मंगळवार, ५ मार्च

साडेचव्वेचाळीस.

भावजींनी तिला तीनदा उतरवून चढवलं. मग स्वतः चढले. मग पाण्याची बादली ठेवून पाहिली. म्हणाले, "एका रात्रीत अडीच किलो? कसं शक्य आहे?" मग माझ्याकडे वळले. "काटेबाई, तुम्ही सांगा. बिघडलाय ना हा?"

घरात माझं हेच नाव आहे, नोकरी लागल्यापासून.

मी म्हणाले, "नाही. बरोबर आहे."

ताई भिंतीला धरून उभी होती. तिने माझ्याकडे बघून नुसत्या भुवया उंचावल्या. लहानपणी मी पाहुण्यांसमोर भलतंच काही खरं बोलून गेले की उंचवायची, तशा.

भावजी कामावर गेल्यावर म्हणाली, "मी फिरवत होते ते चाक. कधी अर्धा किलो, कधी पाव. किती छान चाललं होतं."

"अगं, पण हॉस्पिटलात खरं वजन कळतंच की."

"हॉस्पिटलात हे आत येतात कुठे?"

तेही खरं. भावजी लिफ्ट दुरुस्त करतात. हॉस्पिटलात आम्हाला दारापर्यंत सोडतात आणि तिथली लिफ्ट बघायला जातात. परत आले की तिच्या दोरांची तब्येत सांगतात. ताईची विचारतात ती घरी निघाल्यावर. उत्तर ताईच देते.

शुक्रवार, ८ मार्च

ताईने आज डॉक्टरीणबाईंना सांगून टाकलं, पुढची फेरी नको. मला आधी बोलली नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मीही आग्रह केला नसता." आता दुखणं कमी ठेवायचं आणि घरी राहायचं. किती दिवस, ते मी विचारलं.

"दोन-तीन महिने."

"दोन, की तीन?"

ताई म्हणाली, "हिच्याकडे लक्ष देऊ नका. हिचा धंदाच तो आहे."

पण दोनच्या मानाने तीन म्हणजे निम्म्याने जास्त. एवढी सूट मी कुठल्याही दुकानदाराला दिलेली नाही.

बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर ताई दम खायला बसली. म्हणाली, "ह्यांना तू सांग."

"मी का?"

"मी सांगितलं की हे रडणार. मग मी ह्यांना सावरत बसणार. तेवढी ताकद नाही गं आता. तुझ्यासमोर लाजेकाजेने जरा आवरतील."

मग म्हणाली, "शिवाय सगळा घोळ तूच घातलायस."

"मी दुरुस्त केलं."

"तेच ते."

थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता – "अंडं खा, दूध पी, वजन वाढेल, हे ऐकत मरायचं नाहीये मला. जे आहे ते कळू दे ह्यांना. आणि मग नुसते शेजारी बसू देत."

मी कबूल केलं.

शनिवार, ९ मार्च

नाही सांगितलं. भावजी दोन डझन अंडी घेऊन आले होते.

सोमवार, ११ मार्च

काय बोलायचं ते दुपारी कागदावर लिहून काढलं. "ताईने पुढील उपचार न घेण्याचा निर्णय घेतला आहे." वाचून पाहिलं. खाली सही आणि शिक्का तेवढा राहिला होता. फाडलं. दुसरा मसुदा – "भावजी, जरा बसा." ह्यापुढे काही सुचलं नाही, पण निदान बोलल्यासारखं वाटत होतं.

संध्याकाळी ते चहा करत होते. मी म्हणाले, "भावजी, जरा बसा."

ते बसले. हात पुसून, नीट, समोर बघत.

मी विचारलं, साखर कुठे ठेवली आहे. डबा माझ्या कोपराला लागत होता. त्यांनी उठून तो उचलला आणि माझ्या हातात दिला.

गुरुवार, १४ मार्च

भावजींनी नवा काटा आणला आहे, आकडे उजळणारा. जुन्यावर त्यांचा विश्वास राहिला नाही. मला म्हणाले, "तुम्ही पास केल्याशिवाय वापरायचा नाही." मी तपासला. शंभर ग्रॅमचाही फरक नाही. इतक्या नाखुशीने आजवर कुठलाही काटा पास केला नसेल.

चव्वेचाळीसला थोडं कमी. त्यांनी कॅलेंडरवर लिहिलं, पण आकडा लहान काढला.

ताई रोज विचारते, "सांगितलंस?" मी रोज म्हणते, "उद्या." आज म्हणाली, "दोन-तीन महिने आहेत म्हणून तू तेवढे सगळे घेऊ नकोस."

मी कशासाठी थांबले आहे? त्यांना एवढ्यात दुखवायला नको म्हणून, असं ताईला सांगते. ते खरं नाही. खरं बहुतेक असं – जोवर त्यांना माहीत नाही, तोवर ह्या घरात एक माणूस असा आहे की ज्याच्या हिशेबी ताई बरी होते आहे. त्याच्या शेजारी बसून चहा प्यायला मला बरं वाटतं. म्हणजे त्यांच्या जिवावर मी विसावा घेते आहे, आणि त्याची किंमत ताई देते आहे, कारण अंडी तिला खावी लागतात.

हे कळूनही आज सांगितलं नाही.

रविवार, १७ मार्च

गच्चीत वाळलेल्या चादरी काढत होतो, भावजी आणि मी. दोन टोकं त्यांच्या हातात, दोन माझ्या. म्हटलं, इथे दोघांनाही पळता येणार नाही.

मी म्हणाले, "भावजी, ताईबद्दल बोलायचंय."

ते थांबले. चादर ताणलेलीच होती. म्हणाले, "काटेबाई, बुधवारपर्यंत थांबता का?"

"का?"

"बुधवारी एका जुन्या इमारतीची लिफ्ट उघडायचीय. अवघड काम आहे. डोकं ठिकाणावर पाहिजे." मग चादर झटकत म्हणाले, "बुधवारी संध्याकाळी सांगा. जे काय असेल ते. ऐकेन मी."

मी बरं म्हणाले. घडी घातली. मला हायसं वाटलं. हे लिहून ठेवते, नंतर मीच नाकारायला नको.

त्यांना ठाऊक आहे का? काहीच ठाऊक नसेल तर माणूस असा वार मागून घेईल? की खरोखर फक्त कामाचीच काळजी होती? चेहरा बघायला हवा होता. मध्ये चादर होती.

मी ताईला म्हणाले, "बुधवारी."

"वार ठरला? मग होईल," असं म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. आज कितीतरी दिवसांनी दुपारभर झोपली.

बुधवार, २० मार्च

भावजी गेले.

ताई नाही. भावजी.

लिफ्टची मोटर वर आठव्या मजल्यावर. लिफ्ट बंद, म्हणून जिन्याने चढत होते. पाचव्या आणि सहाव्याच्या मध्ये सोबतच्या मेकॅनिकला म्हणाले, जरा बसतो. बसले. साडेअकरा वाजले होते.

हृदय, म्हणाले डॉक्टर. त्यांच्या हृदयाला आजवर कोणी हात लावून पाहिला नव्हता. घरात एकच आजारी आहे असं धरून आम्ही सगळे चाललो होतो.

ताईला मीच सांगितलं. एका वाक्यात. मसुदा लागला नाही.

शुक्रवार, २२ मार्च

ताई रडली नाही अजून. काल एवढंच म्हणाली, "आत्ता ह्यांचा नंबर नव्हता." येणारे-जाणारे तिच्याशी हळू आवाजात बोलतात आणि मग बाहेर येऊन मला विचारतात, हिला समजलंय ना?

आज सकाळी नेहमीच्या वेळेला उठली. भिंत धरत धरत न्हाणीघरापर्यंत गेली, नव्या काट्यावर चढली आणि थांबून राहिली. मी आकडा वाचायला पुढे झाले.

"तू नको," म्हणाली.

मी बाहेर आले. ती बऱ्याच वेळाने उतरली.

सोमवार, २५ मार्च

रजा वाढवून घेतली. ताईच्या दुखण्यावरचं औषध आता दुप्पट. कोणी विचारत नसताना मी दिवसभर मनात तीच तीच चाचणी घेते आहे. रविवारी चादर खाली टाकून बोलले असते तर तीन दिवस त्यांना मिळाले असते. दोघांना. तीन दिवस शेजारी बसता आलं असतं. नाहीतर ते ऐकूनच त्यांचं हृदय थांबलं असतं, जिना न चढता, रविवारीच. कुठलंच माप लागत नाही.

मंगळवार, २६ मार्च

दुपारी ताईने विचारलं, "ह्यांना सांगितलं होतंस ना गं?"

मी हो म्हणाले.

"कधी?"

"रविवारी. गच्चीत. बुधवारपर्यंत तुला कळू द्यायचं नव्हतं त्यांना."

"काय म्हणाले?"

मग मी सांगत गेले. आधी काय म्हणाले, मग कसे गप्प झाले, मग हळूच काय विचारलं. ताई उशीला टेकून ऐकत होती. एका ठिकाणी हसली आणि म्हणाली, "हे अगदी ह्यांचंच बोलणं." मग रडली. मी पुढे सांगत राहिले. वीस मिनिटं तरी बोलले असेन. एकदाही अडखळले नाही.