सदतीसपैकी सदतीस

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

सदतीसपैकी सदतीस! मोनाने राजीनामा मागे घेतला. तिच्या पार्लरमध्ये दोन तास ठाण मांडून बसले — भुवया केल्या, फेशियल केलं, नको असताना केसही कापून घेतले. शेवटी तीच म्हणाली, बरं बाई, राहते मंडळात, पण आता उठा, बाहेर गिऱ्हाइकं थांबलीत.

सहा वर्षं मी सेवासाथी मंडळाची सभासद-संपर्कप्रमुख आहे. लोकांना वाटतं हे पद म्हणजे घरोघरी चहा पिणं. वाटू दे! शिबिरं कुणीही भरवेल, माणसं धरून ठेवायला वहिदाच लागते. आता ३१ डिसेंबरपर्यंत एकही नाव गळलं नाही, की ‘अखंड शाखा’ निशाण आमचं. बारामती-इंदापूर शाखेला ते आजवर एकदाही मिळालेलं नाही.

अल्ताफ म्हणाले, सगळ्या गावाची माणसं टिकवतेस, घरातला नवरा मात्र गार भाकरीवर टिकलाय. टिकलाय ना? मग झालं.

९ नोव्हेंबर, रविवार

सर्जेराव तात्यांचा फोन. “वहिदाबाई, माझं नाव कमी करा. ह्याच महिन्यात करा.” कारण विचारलं तर म्हणाले, “झालं की आता.” आणि फोन ठेवला.

दुसरं कुणीही चाललं असतं. तात्या! माळेगावच्या कारखान्यावर जन्मभर ट्रॅक्टर चालवला आणि एकोणीस वर्षं आमच्या मोतीबिंदूच्या शिबिराला खेड्यापाड्यातली म्हातारी माणसं स्वतःच्या जीपमधून आणली. नुसती आणत नाहीत, ऑपरेशनच्या आधी माणूस घाबरला की शेजारी बसून राहतात. त्यांचं नाव गेलं तर निशाण तर जाईलच, शाखेत उरेल काय?

१० नोव्हेंबर

कन्हेरीला तात्यांच्या घरी जाऊन आले. तात्या ओसरीवर बसलेले. जीप ताडपत्रीखाली झाकलेली — बिघडलीय म्हणाले. त्यांच्या बायकोने, जयवंताकाकूंनी चहा दिला, त्या काहीतरी बोलणार होत्या, पण तात्यांनी नुसतं “हं” केलं आणि त्या आत गेल्या.

मी काय ओळखत नाही? माणूस दुखावलाय. ऑगस्टच्या कार्यक्रमात विजयसिंह अध्यक्ष म्हणून स्टेजवर, आणि तात्यांची खुर्ची तिसऱ्या रांगेत. विजयसिंहला मंडळात येऊन चार वर्षं झाली नाहीत! मला तेव्हाच खटकलं होतं. बोलले नाही, ही माझी चूक.

१२ नोव्हेंबर

सुचलं! शिलाई मशीनवर बसल्या बसल्या सुचलं. ब्लाउजची बाही उलटी लावली गेली, पण सुचलं.

सेवाभूषण! मंडळाची मानद पदवी. ज्याला मिळते त्याचं नाव आजन्म पटावर राहतं. त्याला राजीनामा देता येत नाही, घटनेतच तसं लिहिलंय. म्हणजे मानही मिळाला आणि माणूसही राहिला. स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

अडचण एकच. पदवीला पंचवीस वर्षं लागतात, तात्यांची एकोणीस. पण ‘असामान्य सेवा’ असेल तर सूट आहे. पुरावा दाखवावा लागेल.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

नऊ दिवस माझ्या शिलाईच्या दुकानाकडे लक्ष नाही. शिबिरांच्या जुन्या वह्या काढल्या. तात्यांनी आणलेले रुग्ण — एक हजार एकशे चौऱ्याहत्तर. तीनदा मोजले.

माळेगावच्या तानूबाईंकडे गेले. ऑपरेशनला सात वर्षं झाली, बाई अजून सुईत दोरा ओवतात. त्या म्हणाल्या, “मी पळून जायाला निघाल्ते. सर्जेरावांनी हात धरला, म्हनले, हितं भ्यायचं काय न्हाय. पट्टी सोडली तवा पयलं त्येंचंच तोंड दिसलं.”

हे सगळं जसंच्या तसं लिहून घेतलं. आपण अशा माणसांबरोबर काम करतो, याचा फार अभिमान वाटला.

२३ नोव्हेंबर, रविवार

मंजूर! विजयसिंहने नियमाचा मुद्दा काढला होता. मी वह्यांचा ढीग टेबलावर ठेवला आणि म्हटलं, मोजा. कुणी मोजलं नाही.

तात्यांना आधी कळवायचं नाही, असं ठरलं. माझाच आग्रह.

७ डिसेंबर, रविवार

इंदापूरचा हॉल भरला होता. तात्यांना जिल्हा मेळावा आहे एवढंच सांगून आणलं. नाव पुकारल्यावर ते उठेचनात. मीच हाताला धरून स्टेजवर नेलं. पायरीवर अडखळले, भरून आलं असणार. शाल, फेटा, मानपत्र. सगळा हॉल उभा राहिला. मानपत्र त्यांनी वाचायला हवं होतं, पण माझ्या हातात देऊन म्हणाले, तुमीच वाचा. मी वाचलं. असं वाचलं, की मागच्या रांगेतली माणसं डोळे पुसत होती!

परत येताना गाडीत तात्यांनी एकदाच विचारलं, “म्हंजी आता नाव निघायचं न्हाय?”

म्हटलं, जन्मात नाही.

ते खिडकीकडे तोंड करून बसले. साधा माणूस, एवढा मान पेलत नसेल. आज माझ्याएवढं सुखी कुणी नाही.

१४ डिसेंबर, रविवार

हात चालत नाही, तरी लिहिते.

समारंभाचा फोटो फ्रेम करून कन्हेरीला घेऊन गेले. तात्या मळ्यात होते. जयवंताकाकूंनी फोटो घेतला आणि भिंतीला टेकवून ठेवला, टांगला नाही. मग माझ्यासमोर बसल्या.

“त्यास्नी दिसत न्हाय, वहिदाबाई. मोतीबिंदूनं एक डोळा पार गेलाय, दुसऱ्यानं नुसतं धुरकट. म्हनून जीप झाकली. नाव कमी झालं की शिबिराच्या रांगेत बसनार व्हते. तुमी तर जन्माचं गुतवून ठिवलं.”

सातवं कलम. सभासदाने स्वतः शिबिराचा लाभ घ्यायचा नाही. मला कोण सांगणार सातवं कलम! दोन वर्षांपूर्वी आमच्याच सभासदाला, अबरारला, मीच रांगेतून उठवलं होतं, चारचौघांत. सगळ्यांनी माझं कौतुक केलं होतं.

त्यांचा मुलगा पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला तयार आहे. तात्याच नको म्हणतात. तेवढ्यात ते आले, काठीने उंबरा चाचपत. मी आहे हे त्यांना माझ्या आवाजावरूनच कळलं. विचारलं, तात्या, पुण्याला का नाही जात?

“हजार मानसास्नी सांगितलं, आपल्या शिबिरात भ्यायचं काय न्हाय. आन माझ्यावर आली की मी दुसरीकडं जाऊ?”

मग मला सांगायचं ना, एवढंच मी म्हणाले. ते म्हणाले, तुमाला सांगितलं असतं तर तुमी नियम मोडला असता. मोडला असता का, हे मलाही माहीत नाही. पण तेवढा भरवसा त्यांनी माझ्यावर ठेवला. आणि मी त्यांना खुर्चीवरून रुसलेला माणूस समजत होते!

१६ डिसेंबर

घटना पुन्हा वाचली. सातवं कलम बदलायला मार्चची सभा. शिबिर शनिवारी. मानद पदवी काढून घेता येते — पण सगळ्या शाखेच्या एकमताने. एक हात जरी खाली राहिला तरी नाही.

तात्यांना फोन करून विचारलं, चारचौघांत तुमची पदवी काढून घेतली तर चालेल का. ते हसले. कितीतरी दिवसांनी हसताना ऐकलं.

विजयसिंहकडे गेले. त्याने निशाणासाठी ऑफिसात खिळासुद्धा ठोकलाय. पंधराच दिवस राहिलेत हो, म्हणाला. मला माहीत नाही का?

१९ डिसेंबर, शुक्रवार

ठराव मीच मांडला. सगळे हात वर. विजयसिंहचा शेवटी, पण वर. सर्जेराव तात्या आता सेवाभूषण नाहीत, सभासदही नाहीत. सदतीसपैकी छत्तीस. मान ताठ ठेवून घरी आले, मग रडले.

उद्या सकाळी सातला नोंदणी. तात्यांचा फॉर्म त्यांनी मलाच भरायला सांगितला. सोबत येणाऱ्याचं नाव — वहिदा. रुग्णाशी नातं — बहीण.