चांदीचा कागद

प्रिय गोरक्ष,

'प्रिय' लिहिलं ते सवयीनं, त्याचा फार अर्थ लावू नकोस. सहा वर्षांत मी तुला चार ओळी लिहिल्या नाहीत, आणि आज हे पाकीट बघून तू आधी खोलीचं दार लावून घेशील. घे लावून. फोन करणार होते, पण तू बोलायला लागलास की माझंच काहीतरी चुकलंय असं मला वाटायला लागतं. म्हणून लिहिते आहे.

मी बरी आहे. जामखेड रस्त्यावरच्या एका दूध शीतकरण केंद्रात केमिस्ट आहे. दिवसभर फॅट तपासायचं, कुणी पाणी घातलंय, कुणी मीठ, ते शोधायचं. अर्धवट पीएचडीवर एवढं मिळालं हेच खूप, असं आमची आई म्हणते. मे महिन्यात दूध आटलं की लोक उन्हाला शिव्या घालतात आणि मला माझ्या गाई आठवतात. उन्हानं संकरित गाईच्या कासेतल्या पेशींवर जो ऑक्सिडेटिव्ह ताण येतो, तो डोळ्यांना दाखवायचा, एवढाच तर माझा विषय होता. ताण आला की एक प्रथिन पेशीच्या केंद्रकात धावतं. त्यालाच जाऊन चिकटणारी आणि हिरवी चमकणारी अँटिबॉडी घातली, की सूक्ष्मदर्शकाखाली ते कुठे आहे ते दिसतं. त्यासाठी दोन उन्हाळे मी गावोगाव गोठे हिंडले. शेणात पाय, हातात बर्फाचा डबा.

ती अँटिबॉडी आठ महिने वाट बघून आली. बोटाच्या पेराएवढी एकच ट्यूब. थंड ठेवायची पण गोठू द्यायची नाही, आणि उजेड अजिबात दाखवायचा नाही, नाहीतर तिची चमक जाते ती कायमची. मी ती चांदीच्या कागदात दुहेरी गुंडाळली होती. तान्ह्या बाळाला गुंडाळतात तशी गुंडाळलीस, म्हणून तू हसला होतास.

मग कॉलेजचा ट्रान्सफॉर्मर जळाला. तीन दिवस वीज नव्हती. तू आपणहून म्हणालास की आमच्या दूध डेअरीचा कूलर चार अंशांवर असतो, जनरेटर आहे, वडिलांकडे ठेवतो. मला तुझं केवढं कौतुक वाटलं होतं, रे! त्याच आठवड्यात मी घरी तुझ्याबद्दल सांगणार होते. चौथ्या दिवशी तू ट्यूब आणून दिलीस, कागद अगदी नीट. मी खिडक्यांना काळं कापड लावलं, दिवे बंद केले आणि दोन उन्हाळ्यांत गोठ्यांतून जमवलेल्या पेशींच्या सगळ्या काचांवर ती घातली. आधी एकच काच करून बघायला हवी होती, ती चूक माझीच. पण फेलोशिपचे दहा दिवस उरले होते. सगळ्या काचा काळ्या निघाल्या. एकीवरही हिरवा ठिपका नाही.

ट्यूबला उजेड कुणी दाखवला, असं आपल्या गाईड सरांनी विचारलं. तू टेबलाकडे बघत म्हणालास, "शेवटी हाताळली ती ज्ञानेश्वरीनंच." खोटं नव्हतं ते. सरांनी लॅबच्या रजिस्टरात माझ्या नावापुढे 'निष्काळजीपणा' लिहिलं आणि माझं काम तिथंच थांबलं. जिन्यात माझ्या पाठीवर हात ठेवून तू म्हणालास, "होतं असं." आणि गोरक्ष, मी ते खरं मानलं. सहा वर्षं मी माझी चूक शोधते आहे. दिवा राहिला का? दार उघडं होतं का? कापडाला भोक होतं का? अजूनही कुठल्याही खोलीत गेले की मी आधी खिडकी बघते. तुझा राग नंतर आला. आधी सहा वर्षं मी स्वतःचाच केला.

परवा मंगळवारी तुझे वडील, रामहरीकाका, दुधाचा नमुना घेऊन केंद्रावर आले. थकलेत, पण मला लगेच ओळखलं, तुझ्या प्राध्यापकीचे पेढेही दिले. मीठ तपासायचं रसायनही उजेडानं बिघडतं, त्याची बाटली मी चांदीच्या कागदात गुंडाळत होते, ते बघून त्यांना हसू आलं. म्हणाले, "असल्याच कागदातली बाटली गोरक्षनं ठिवली हुती आमच्याकडं. हिरवी चमकती म्हनला, म्हनून मी कागद सोडून सकाळभर खिडकीत उन्हाला ठिवली. काय चमकली न्हाई. त्याला सांगितलं तर लई चिडला माझ्यावर, पुन्ना गुंडाळून घिऊन गेला."

तुला त्याच दिवशी ठाऊक होतं. तेवढं एक वाक्य मला सांगितलं असतंस तर मी त्या काचांना हातसुद्धा लावला नसता. तू ट्यूब माझ्या हातात दिलीस, वर म्हणालास, ऑल द बेस्ट. नीच आहेस तू.

आता हे पत्र का लिहिते आहे ते सांगते. निघायच्या आधी काकांनी विचारलं, "तू गं का सोडलंस शिक्षान?" मी काय सांगणार होते? मी दिलेला चहा घेत समोर बसले होते ते. माझ्या तोंडून निघालं, गोरक्षला विचारा. त्यांनी ते मनावर घेतलंय. रविवारी सकाळच्या गाडीनं ते तुझ्याकडे येताहेत, तूप घेऊन, आणि हेच विचारणार आहेत. कागदाचं नाव काढू नकोस. म्हाताऱ्यानं बिचाऱ्यानं हौसेनं बघितलं, आणि विचारायच्या आधी कबूलही केलं. त्यांना सांग, 'ट्यूब माझ्या हातून खराब झाली आणि मी ते ज्ञानेश्वरीवर जाऊ दिलं.' पहिलं खोटं आहे, ते त्यांच्यासाठी बोल. दुसरं खरं आहे, ते मोठ्यानं बोल. नाही जमलं तर पुढच्या मंगळवारी काका नमुना घेऊन माझ्याकडे येतीलच, आणि त्यांच्याशी मला खोटं बोलता येणार नाही.

जिला तू 'माझीच' म्हणायचास, ती
ज्ञानेश्वरी